मुस्तफाचं पार्लर कुणी बांधायचं?

महाळुंग्याचा माणूस व्हीआरवर लिहितोय म्हटलं की लोक आधी विचारतात, "म्हणजे बालेवाडीजवळचं?" नाही. ते आयटीवाल्यांचं. माझं महाळुंगे चाकणचं, खेड तालुक्यातलं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं, जिथे १९९९मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्यामागून आमच्यासारखे सुटे भाग बनवणारे आले. मी पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. गाव बार्शी. वय चाळिशीच्या पुढे, म्हणजे कॅसेटचा व्हिडिओ गेम, एक रुपयाचं नाणं आणि "मेलास की दे" हा कायदा ज्या पिढीनं पाळला, त्यातला मी. गेली काही वर्षं व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटीचा) चष्मा घालून तेच जुने खेळ खेळतोय. त्यातून जे कळलं ते खाली देतो. सगळं सगळ्यांना पटेलच असं नाही.

१. आमच्याकडे हा चष्मा कामासाठी आला.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात कारखान्यांत बॅनर, शपथ आणि घोषवाक्य स्पर्धा असतेच. एके वर्षी बाहेरून आलेल्या प्रशिक्षकानं व्हीआरचे हेडसेट आणले. उंचीवरचं काम, क्रेनचा स्लिंग तुटला तर काय होतं, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं, हे सगळं त्यात. प्रेस शॉपमधला आमचा एक दांडगा ऑपरेटर त्या नकली फळीवर चढला आणि खरोखर खाली बसला. कँटीनच्या फरशीवर, सगळ्यांसमोर. हसून पोट दुखलं. पण आपली बारी आली तेव्हा हसणाऱ्यांचेही पाय लटपटले.

जेवणाच्या सुट्टीत त्या प्रशिक्षकानं लॅपटॉपवर दुसरंच काही उघडलं. 'ईम्यूव्हीआर' नावाचं सॉफ्टवेअर. चष्म्यात एक खोली दिसते, समोर डबा टीव्ही, शेजारी गेमचं मशिन. हातानं कॅसेट उचलायची, खाचेत बसवायची, आणि टीव्हीवर मारिओ सुरू. पंचविशीतल्या पोरांनी बघितलं, "भारी आहे" म्हणाले आणि चष्मा परत दिला. चाळिशीच्या पुढचे मात्र खुर्ची सोडेनात. एका फोरमननं तर भोंगा झाल्यावरही "एवढा बॉस मारू दे" म्हणून हात वर केला.

पुढे मी 'क्वेस्ट २' नावाचा जुना चष्मा घेतला आणि कंप्युटर भाच्याचा जोडला.

२. जुना खेळ चष्म्यात नव्यापेक्षा नीट दिसतो, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

लोकांना वाटतं, एवढं नवं यंत्र, त्यात असला जुनाट खेळ कशाला? उलट आहे. क्वेस्ट २मध्ये एकेका डोळ्यासमोर १८३२ गुणिले १९२० ठिपक्यांचा पडदा असतो. ते ठिपके नव्वद अंशांहून जास्त रुंदीवर पसरलेले, त्यामुळे एका अंशाच्या वाट्याला साधारण वीसच येतात. आता चष्म्यातला टीव्ही नजरेची तीस अंश रुंदी व्यापतो असं धरा. त्याला मिळाले सहाशे ठिपके. एचडी सिनेमाला आडवे १९२० लागतात, तो त्यात चेंगरतो. पण १९८३च्या निन्टेन्डो फॅमिकॉमचं चित्रच मुळात २५६ गुणिले २४०चं. सहाशेत ते ऐसपैस बसतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. चष्म्याची भिंगं एका ठरावीक अंतरावर नजर जुळवून ठेवतात, ते अंतर एक ते दोन मीटरच्या मध्ये कुठेतरी. वस्तू त्याहून फार जवळ किंवा लांब दिसली की डोळे वेगळं सांगतात, भिंग वेगळं, आणि डोकं चढतं. डबा टीव्ही समोर आपण तेवढ्याच अंतरावर बसायचो. (त्याहून जवळ बसलं की आईची हाक यायची ते सोडा.) म्हणून नव्या धावपळीच्या व्हीआर खेळांत ज्यांना मळमळतं, ते या नकली टीव्हीसमोर तासभर मजेत बसतात.

३. ते चौकोन तेव्हा चौकोन दिसायचेच नाहीत.

मोबाइलवर किंवा आजच्या एलईडी टीव्हीवर जुना मारिओ लावला की तो फरशीच्या तुकड्यांचा दिसतो. पोरं विचारतात, "हे तुम्हाला आवडायचं?" तेव्हाचा खेळ पिक्चर ट्यूबसाठी काढलेला होता. ट्यूबवर एक ठिपका शेजारच्यात थोडा सांडतो, आडव्या रेषांच्या मध्ये काळं राहतं, कडा मऊ होतात. काढणाऱ्याला ते ठाऊक होतं. शिगेरू मियामोतो यांनी १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये या मारिओबुवाला मिशी दिली, कारण एवढ्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी दिली, कारण केस जमेनात. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग बदललेला. आमच्या घरचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे आम्हाला ते जवळजवळ एकच दिसायचं. वर असेल तो ढग, खाली असेल ते झुडूप.

व्हीआरच्या खोलीतल्या टीव्हीला ट्यूबचा हा सगळा नखरा देता येतो. तो खरा किती, हे बघायला मी कुदळवाडीच्या भंगारबाजारातून एकवीस इंची ट्यूबचा टीव्ही उचलून आणला होता. भंगारवाला देईना. त्याला आतल्या तांब्याच्या गुंडाळीत रस, मला काचेत. शेजारी शेजारी लावून बघितलं. चष्म्यातलं चित्र बरंच जवळ जातं, पण खऱ्या ट्यूबची धग आणि हात नेला की अंगावरचे केस उभे राहणं, हे नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली गोदामं पाडली, त्यामुळे आता असा टीव्ही मिळवायचा तर लांब फिरावं लागतं.

एकदा मी चष्म्यातल्या टीव्हीचा रंग शून्यावर आणला. भाचा म्हणाला, "मामा, रंग कशाला घालवला?" त्याला काय सांगणार? मला तर तेव्हाच चित्र बरोबर लागल्यासारखं वाटलं.

४. आठवण अंगठ्यात असते.

'काँट्रा' लावला. सुरुवातीचं चित्र सरकत आलं आणि माझ्या हातानं वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबून मोकळं केलं. तीस लाइफ. मी तोंडानं सांगायला गेलो तर क्रम चुकला. अंगठा चुकला नाही. ही खूण कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६मध्ये 'ग्रॅडियस' घरच्या मशिनवर आणताना तो खेळ त्यांना स्वतःलाच अवघड पडू लागला, तपासणीसाठी त्यांनी ही पळवाट ठेवली आणि ती आत तशीच राहिली. २०२०मध्ये ते वारले. इंटरनेट नव्हतं, आमच्याकडे तसलं मासिकही येत नव्हतं, तरी ती खूण जपानहून बार्शीच्या एका बोळात कुणाच्या तरी मामेभावाकरवी पोचली होती.

याच अंगठ्यामुळे व्हीआरची एक खोट पकडली जाते. जुना खेळ सेकंदाला साठ चित्रं काढतो, एक चित्र म्हणजे सुमारे सतरा मिलीसेकंद. ट्यूबवर बटण दाबलं की पुढच्याच चित्रात उडी. चष्म्यात बिनतारी कंट्रोलर, त्यातून कंप्युटर, त्यातून खेळाची नक्कल, मग चष्मा, असा प्रवास होतो आणि तीनचार चित्रं मध्ये जातात. डोळ्याला कळत नाही. काँट्राच्या धबधब्यात मात्र त्याच फळीवरून परत परत पडायला होतं. उपाय आहे: वायरचा कंट्रोलर घ्या, बाकीची सगळी विंडो बंद करा. तरी थोडं राहतंच.

'डक हंट'ची गोष्ट याच्या उलट. ती बंदूक गोळी मारत नसे. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड बघत असे. हे सगळं ट्यूबच्या वेळेशी बांधलेलं, म्हणून नव्या टीव्हीवर ती बंदूक आंधळी. चष्म्यात हाताची दिशाच मोजली जाते, त्यामुळे बदकं पुन्हा पडायला लागली. कुत्रा मात्र अजून हसतो.

५. फुंकर मारू नका.

हे मेंटेनन्सवाला म्हणून सांगतो. कॅसेट चालेना की आपण सगळे फुंकायचो आणि ती चालायची. फुंकण्यानं नाही, काढून परत घातल्यानं. घासून संपर्क नीट बसायचा. तोंडाची वाफ उलट त्या पट्ट्या गंजवते. जुनी कॅसेट घरी असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा. चष्म्यातल्या कॅसेटला काहीच लागत नाही, आणि तरीही आमच्या खोलीत जो तो ती तोंडाजवळ नेतो.

६. दहा बाय दहात बसूनच खेळायचं.

क्वेस्टला उभं राहून फिरायला किमान दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळी जागा हवी असते. महाळुंग्यातल्या भाड्याच्या खोलीत कॉट, गॅस, कपड्यांची दोरी आणि दुसऱ्या शिफ्टचा झोपलेला पार्टनर वजा केला तर उरतं काय? हात पसरला तर पंख्याला लागतो. जुने खेळ बसून खेळायचे असतात, ही त्यांची मोठी सोय. मांडी घाला, पाठ भिंतीला टेका, झालं. आणि चष्म्याच्या फोमवर धुता येईल असं कव्हर चढवा. केसांचं तेल आणि घाम मिळून त्याचं काय होतं ते मी लिहीत नाही.

७. चष्मा एकाच्या तोंडावर, तर चित्र सगळ्यांच्या भिंतीवर.

१९९५मध्ये निन्टेन्डोनं 'व्हर्च्युअल बॉय' आणला होता. डोळे लावून बघायचा लाल-काळा डबा. वर्षही न भरता बंद पडला, एकूण खेळ निघाले बावीस. मान दुखते, डोळे दुखतात, किंमत जास्त, अशी कारणं सांगतात. मला आणखी एक दिसतं: बाजूला बसलेल्या माणसाला त्यात काहीच दिसत नसे.

आपल्याकडे खेळणारा एक आणि बघणारे पाच, हाच खरा खेळ होता. "मागून येतोय, मागून!", "उडी मार ना, वेड्या", "दे, मी पार करून देतो". बघणाऱ्याचाही हक्क असायचा, कारण आठ आणे त्यानं घातलेले. चष्म्यात तो हक्क मरतो. म्हणून आम्ही रविवारी बसतो तेव्हा चष्म्यातलं चित्र कंप्युटरवरून टीव्हीवर लावतो. आत असलेल्याला ओरडा ऐकू यावा म्हणून हेडफोन घालायचा नाही. एवढं केलं की खोली भरते. बीडचा वेल्डर, यवतमाळचा स्टोअरवाला, सगळ्यांनी आपापल्या गावी तोच खेळ खेळलेला असतो. शिव्या फक्त वेगळ्या.

८. त्यात दिसतं ते बालपण दुसऱ्याचं आहे.

हे मला जरा उशिरा खटकलं. खेळ आपलाच, पण खोली? मऊ गालिचा, भिंतीवर इंग्रजी पोस्टर, पोराची स्वतःची स्वतंत्र खोली. आमच्यापैकी कुणाला होती? व्हीआरमधले आर्केडही असेच: निळाजांभळा निऑन, चकचकीत फरशी, ओळीनं मशिनं. ज्यांनी बांधलं त्यांनी आपलं बांधलं, त्यांचा काही दोष नाही. ब्राझीलच्या आना रिबेरो यांनी 'पिक्सेल रिप्ड १९८९' केला, २०१८मध्ये आला. त्यात आपण वर्गात मागे बसून, बाईंची नजर चुकवून हातातला गेम खेळणारी मुलगी असतो. तो मला त्या गालिच्याच्या खोलीपेक्षा जवळचा वाटला. ब्राझीलच्या बाई करू शकतात तर…

आमचं व्हिडिओ गेमचं पार्लर एसटी स्टँडमागच्या बोळात होतं. शाळेच्या वेळात शटर अर्धं खाली. वाकून आत गेलं की आधी अंधार, मग तीन मशिनं. कंपनीची नव्हेत, गावच्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतलेली, वर लाकडी रंगाचं सनमायका, कोपऱ्यात ते उचकटलेलं, त्यातून आत बोट घालायची सगळ्यांना सवय. जॉयस्टिकचा लाल गोळा हरवलेला, त्या जागी रबरी नळीचा तुकडा. मशिनच्या माथ्यावर उदबत्तीचं घर आणि राखेची रेघ. मालक नाणं हातात घ्यायचा आणि स्वतः आत हात घालून क्रेडिट द्यायचा, कारण नाण्याच्या खाचेत पोरं वॉशर घालत. मधल्या मशिनवर कायम गर्दी, तिथे 'मुस्तफा'.

बाहेरच्या जगात त्या खेळाचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून केलेला. नायक म्हणे जॅक टेनरेक. आमच्याकडे त्याला कोण विचारतो? पिवळ्या टोपीचा मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून अख्खा खेळच त्याच्या नावावर. पुण्यात मुस्तफा, लातुरात मुस्तफा, यवतमाळचा आमचा स्टोअरवालाही मुस्तफाच म्हणतो. असं नाव कुठल्या जाहिरातीनं दिलेलं नसतं.

९. उंची मोजताना स्वतःचीही मोजा.

आमच्या टूलरूममधला डिझायनर दिवसभर डायची थ्रीडी ड्रॉइंग काढतो. तो मनावर घेऊन बसला: "साहेब, तुम्ही मापं सांगा, मी पार्लर काढतो." मी आठवून आठवून सांगितलं. पेटीची उंची, पडद्याचा कल, बटणांतलं अंतर. प्लायवूडची जाडी त्यानं स्वतःच धरली, एकोणीस मिलीमीटर. खोली उभी राहिली, चष्म्यात टाकली, मी आत गेलो. सगळं होतं, तरी काही लागेना. पेटी बुटकी वाटत होती, छत अंगावर येत होतं. पार्लर नव्हे, पानटपरी वाटली. तो म्हणाला, पेटी वाढवू. वाढवली, तर पडदा कपाळाच्या वर गेला आणि सगळंच खोटं दिसायला लागलं.

गोष्ट भाच्याच्या लक्षात आली. "मामा, तू तेव्हा केवढा होतास?" सॉफ्टवेअरमध्ये बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची बदलता येते. पेटी होती त्या मापावर परत आणली आणि डोळे सव्वा मीटरवर, दहा वर्षांच्या पोराच्या, खाली आणले.

मग जॉयस्टिक छातीशी आली. पडदा किंचित वर, मान थोडी उचलून बघायचा. डाव्या हाताला मोठ्या पोरांची कोपरं जिथे असायची ती जागा रिकामी, पण तिथे कुणीतरी उभं राहील असं वाटावं एवढी. शटरच्या फटीतून येणारा उजेड गुडघ्यावर पडला. मापं सगळी तीच होती. फोटोत, सिनेमात, मोबाइलवर हे कधीच मिळालं नसतं. व्हीआरला एवढी किंमत का द्यायची, याचं मला पटलेलं उत्तर हेच. सनमायकाचा उचकटलेला कोपरा मात्र अजून नीट जमलेला नाही, डिझायनर त्याला सरळ करून टाकतो. त्याचा हात टॉलरन्सचा.

आवाजाचंही असंच. एका मशिनचा आवाज स्वच्छ ऐकू आला की खोटं वाटतं. तीन खेळांचे आवाज एकमेकांत, वर पंख्याची किरकिर, बाहेर एसटीचा हॉर्न. किरकिरणारा पंखा आम्हाला महाळुंग्यात शोधावा लागला नाही.

१०. खोली आपली, खेळ त्यांचा.

जुने झाले म्हणून खेळांचे हक्क संपत नाहीत. काँट्राचा जुना संच कोनामीनं २०१९मध्ये पुन्हा विकायला काढला. तो विकत घ्या, खेळा. मुस्तफाचं मात्र अवघड. पार्लरमधला तो खेळ घरच्या मशिनसाठी कधी निघालाच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३मध्ये मोजून सांगितलं की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गानं मिळत नाहीत. आमचं बालपण तर नकली कॅसेटवरच गेलं; '९९९९ इन वन' लिहिलेलं आणि आत तेच पाचपंचवीस खेळ. त्यामुळे शहाणपणा शिकवायला मी लायक नाही. पण आपण बांधलेली खोली लोकांना दाखवायची असेल तर पडद्यावर दुसऱ्याचा खेळ भरून देऊ नका. पडदा बंद ठेवा. पेटी, भिंत, उदबत्ती, शटर यावर कुणाचा कॉपीराइट नाही.

खेळ करणारी माणसंही इथेच आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये 'राजी' केला. नवी मुंबईच्या गेमेशननं २०१६मध्ये 'लुडो किंग' काढला आणि लॉकडाउनमध्ये आजी-नातू त्यावर भांडले. चाकण पट्ट्यात थ्रीडी येणारे हात किती आहेत, हे दर महिन्याला कुठली ना कुठली टूलरूम माणसं मागते त्यावरून समजा. अडचण फक्त मापांची आहे. ती माणसांच्या डोक्यात आहेत, नाहीतर अडगळीत.

म्हणून ज्यांनी असं पार्लर चालवलं, किंवा ज्यांच्या माळ्यावर तसली पेटी पडून आहे, त्यांना एकच विनंती. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टेप घेऊन पेटीची उंची, रुंदी, पडद्याचा कल, जॉयस्टिकपासून बटणांचं अंतर मोजून कागदावर लिहा. चारी बाजूंनी आणि मागचं दार उघडून आतला फोटो काढा. चालू होत असेल तर पाच मिनिटं आवाज मोबाइलवर घ्या. कोपरा उचकटलेला असेल तर तो तसाच राहू द्या, त्याचाही फोटो काढा. मग खुशाल विका.